आर्मेचरचं बेरिंग ठोकून काढू नका

निपाणीच्या एका दादांनी विचारलंय, त्यांच्या ग्राइंडरचं मागचं बेरिंग आर्मेचरवर (मोटरच्या आत फिरणाऱ्या भागावर) घट्ट बसलंय, ते कसं काढायचं? त्यावर कुणीतरी हातोडीनं ठोकायला सांगितलंय. दादा, कृपा करून तसं करू नका! बेरिंगच्या अगदी लगत कॉम्युटेटर, म्हणजे कार्बन ब्रश घासतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा गोल भाग असतो. एक घाव चुकला की तांब्याची पट्टी दबते, मग आर्मेचरच बदलायची पाळी. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत शिकत असताना माझ्या हातून नेमकं हेच झालं होतं.

छोटा दोन पायांचा पुलर (बेरिंग ओढून काढायचं अवजार) आणा. त्याची नखं पातळ हवीत, कारण बेरिंगच्या मागं फट जेमतेम असते. आधी शाफ्टवर दोन थेंब तेल सोडून थोडा वेळ थांबा. स्क्रू पाव-पाव फेरा आवळा; ‘टक्’ आवाज आला की सुटलंच समजा. काढलेलं बेरिंग परत वापरू नका.

नवं घेताना जुन्यावरचा नंबर बघा. ६०८ असेल तर आतलं भोक ८ मिमी, बाहेरचा व्यास २२, जाडी ७. बसवताना दाब फक्त आतल्या कड्यावर यायला हवा. त्या मापाचा नळीचा तुकडा ठेवून सरळ दाबा. बाहेरच्या कड्यावर दाब आला तर गोळ्यांच्या खाचा पडतात आणि नवं बेरिंगही घरघरायला लागतं.