मदत हवी आहे : जुनी ४०७ आयडलिंगला झुलते, एअर कुठून घेते?

नमस्कार मंडळी. खानापूरची जुनी टाटा ४०७ (छोटा ट्रक), डिझेल, बिनटर्बोची. बेळगावातून भाजी भरून चोर्ला घाटानं गोव्याला जाते. सकाळी स्टार्ट केली की आयडलिंग (रेस न देता इंजिन चालतं ते) खालीवर होतं, केबिन थडथडतं, पांढरा धूर येतो. रेस दिली की ठीक. रात्रभर उभी राहिली की स्टार्टर बराच वेळ मारावा लागतो. हँड पंप दाबून डिझेलच्या लाईनीतली एअर काढली की मात्र लगेच उचलते.

आमचे मिस्त्री म्हणतात व्हॅक्यूम लीक, म्हणजे इंजिन कुठून तरी जादा हवा ओढतंय. मला काही पटत नाही. पेट्रोल गाडीत मॅनिफोल्डनं जादा हवा ओढली की मिक्श्चर बिघडून इंजिन झटके देतं. डिझेलला तसं नसतं; इथं व्हॅक्यूम डायनॅमोच्या मागच्या पंपातून ब्रेक बूस्टरला (ब्रेक हलका करणाऱ्या डब्याला) जातो, तेवढंच. तरी मन राखायला तोही पाईप तपासला. इंजिन चालू होताच ब्रेक पेडल नीट खाली बसतं.

मग टाकीतून डिझेल ओढणारा फीड पंप आणि फिल्टरच्या मधे पारदर्शक नळी लावली. बारीक बुडबुडे पळताना दिसले! डिझेलचे पाईप जोडणाऱ्या बँजो बोल्टचे तांब्याचे वॉशर बदलले, बुडबुडे कमी झाले, गेले नाहीत. सिलिंडरमधे डिझेल फवारणाऱ्या नोझलचे नट एकेक सैल केले तर चारपैकी तीन ठिकाणी इंजिनचा आवाज पडतो, तिसऱ्या सिलिंडरला फरकच नाही.

आता टाकी सोडून कॅनमधून थेट डिझेल देऊन बघू, की आधी तिसरं नोझल टेस्टिंगला देऊ? टाकीतल्या पिकअप पाईपला बारीक भोक पडलेलं कुणी बघितलंय का? बेळगाव-निपाणीकडं भरवशाचा पंप-नोझलवाला असला तर तेही सांगा. उसाचा हंगाम लागला की कोण हाताला लागत नाही.