गाईची शीर बाळाच्या हृदयात: घरच्यांना सांगायचं की नाही?

खानापूरकर:
मेहुण्याच्या मुलीला जन्मतःच ट्रंकस आर्टेरिओसस. हृदयातनं दोन मोठ्या रक्तवाहिन्या निघायच्या, तिथं एकच निघालीय. उजव्या कप्प्यातनं फुप्फुसाकडं नवी वाट करायची आणि त्यासाठी गाईच्या मानेतली शीर बसवायची, असं डॉक्टर म्हणाले. घरात माळकरी आजी, तिला कळू द्यायचं नाही असं ठरलंय. बाळ जगत असेल तर शीर कुणाची का असेना, पण लपवायचं कशाला?

चिकोडीचे पाटील:
आम्ही जैन. कांदा-बटाटा न शिजणाऱ्या घरात मारलेल्या जनावराची शीर, आणि सही कुठं, तर कन्नड-इंग्रजीत छापलेल्या कागदावर. मराठीत काय, तर "इथं सही करा". माणसाची शीर मिळत नाही का?

टिळकवाडी (ऑपरेशन थिएटरात काम केलंय):
मिळते, मृत दात्याची. होमोग्राफ्ट म्हणतात. पण तान्ह्या बाळाच्या मापाची मिळणं फार कठीण. गाईच्या या शिरेत तीन पाकळ्यांची झडप मुळातच असते, म्हणून ती घेतात. ग्लुटाराल्डिहाइड या टिकवणाऱ्या रसायनात ठेवलेली येते, सगळ्यात लहान १२ मिलिमीटरची. १९९९ पासून वापरतायत. आणि पाटील, ओपन हार्टला रक्त गोठू नये म्हणून जे हेपारिन देतात, ते बहुतेक डुकराच्या आतड्यापासनं काढतात. मग शिरेवरच का अडलात?

चिकोडीचे पाटील:
तेही सांगा की! सांगितल्यावर आम्ही ठरवू. परस्पर दिलं म्हणून ते आम्हाला चाललं असं होत नाही.

निपाणीची सून:
तुमचं ठरेपर्यंत बाळ राहायला पाहिजे ना, दादा? हे ऑपरेशन पहिल्या काही आठवड्यांतच करावं लागतं. व्रत तुम्ही घेतलंय, तिनं नाही.

टिळकवाडी:
मला गाय-डुकरापेक्षा दुसरंच खटकतं. ही शीर बाळाबरोबर वाढत नाही. काही वर्षांत तिच्यात कॅल्शियम साचतं, ती अरुंद होते, की पुन्हा ऑपरेशन. पहिल्याच दिवशी हे किती जण नीट सांगतात? थोडं मोठं झाल्यावर मांडीतल्या शिरेतनंही झडप बसवता येते. तशी पहिली २००० साली पॅरिसमध्ये बसवली, तीही गाईच्याच शिरेची. खानापूरकर, महाराष्ट्र सरकारची महात्मा फुले आरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू आहे, त्यांत तुमचं गाव असेल, तर पुढच्या खेपेचा खर्च त्यात बसतो का ते आत्ताच विचारा. आणि दात येऊ लागले की जपा. या शिरेला जंतुसंसर्ग लवकर धरतो, किडका दात महागात पडेल.

खानापूरकर:
विचारतो. आजीला कोण सांगणार, यावर मात्र घरात चिठ्ठ्या टाकायची वेळ आलीय.

चिकोडीचे पाटील:
आजीचं नंतर बघा. आधी तो कागद मराठीत मागा.