'टॉय ट्रेन' नको, मग फलकावर काय लिहू?

डोंबिवलीकर :
आमच्या सोसायटीच्या गणपतीला यंदा बोरघाटाचा देखावा आहे, आणि त्यात माझ्या गाड्या धावणार आहेत. गेली एकोणीस वर्षं मी एचओ मापाच्या, रुळांवर विजेने धावणाऱ्या छोट्या गाड्या जमवतोय. जागा मिळेल तेव्हा रूळ अंथरून सोडतो, एरवी त्या पलंगाखाली खोक्यात असतात. देखाव्यापुढे माहितीचा फलक लावायचा आहे. समितीच्या मसुद्यातली पहिलीच ओळ : 'श्री. अमुक यांची टॉय ट्रेन'. मी म्हटलं, अहो, हे खेळणं नाही. चिटणीस म्हणाले, "मग काय लिहू ते सांगा, पण मराठीत सांगा." तिथे माझी बोलती बंद झाली.
अडलेले शब्द : मॉडेल ट्रेन, स्केल, गेज, लेआउट, पॉइंट. तिसरीतल्या पोराला आणि त्याच्या आजीला, दोघांनाही कळायला हवेत. 'अग्निरथगमनागमनदर्शक' छापाचं काही कृपया सुचवू नका. तो विनोद आमच्या मजल्यावर तीन जणांनी करून झाला आहे.

पुणेकर :
'टॉय ट्रेन'ला तुमचा विरोध आहे तो बरोबर, पण कारण वेगळं आहे. मराठीत टॉय ट्रेन म्हटलं की माणूस तिच्यात बसतो. नेरळ-माथेरानची गाडी १९०७ पासून डोंगर चढतेय, तिकीट काढून लोक तिच्यात बसतात, तरी ती टॉय ट्रेन. म्हणजे फलक वाचून पोरं रांग लावतील आणि विचारतील, तिकीट कुठे मिळतं?
बागेतल्या बसायच्या गाड्यांना तर आपल्याकडे छान मराठी नावं आहेत. पेशवे पार्कातली फुलराणी १९५६ पासून आहे, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात वनराणी. डेक्कन क्वीन १९३० साली सुरू झाली, तीही दख्खनची राणी. थोडक्यात, जिच्यात बसता येतं ती राणी. तुमची ती नव्हे.
कोथरूडला भाऊ जोशींचं संग्रहालय १९९८ पासून आहे, त्याच्या नावात 'मिनिएचर रेल्वे' आहे. पण ते बघून आलेल्या आमच्या घरच्या मुलांनी आजोबांना काय सांगितलं, तर "छोट्या छोट्या गाड्या बघितल्या, खऱ्यासारख्या." फलकाला एवढंच पुरे नाही का?

डोंबिवलीकर :
'खऱ्यासारख्या' आवडलं. 'प्रतिकृती' हा शब्द माझ्या डोक्यात होता, पण प्रतिकृती म्हटलं की काचेच्या पेटीतला ताजमहाल डोळ्यासमोर येतो. ती धावत नाही. आणि 'नमुना' म्हणावं, तर आमच्या घरात तो शब्द माझ्यासाठी राखीव आहे.

नागपूरकर :
'लेआउट' मात्र फलकावर लिहू नका, निदान विदर्भातला पाहुणा येणार असेल तर. आमच्याकडे लेआउट म्हणजे प्लॉट पाडलेली जमीन. खामल्याला पांडे लेआउट आहे, आणि तिथे एकही रूळ नाही. 'श्री. अमुक यांचा लेआउट' वाचून माणूस पहिला प्रश्न विचारेल, एनए झालंय का?
मी 'मांडणी' म्हणेन. रूळ, सांधे, स्टेशन, बोगदा हे कुठे कसं येणार, ती मांडणी. आणि तिच्यावर डोंगर, झाडं, धबधबा वगैरे जे रचलं तो देखावा. हा शब्द तर तुम्ही पहिल्याच ओळीत वापरून मोकळे झालात. गणपतीने आपल्याला 'देखावा' इतका नेमका शब्द दिलाय की दुसरा शोधायला जाणं म्हणजे काखेत कळसा.

कर्जतकर :
पॉइंटला, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर वळते त्या जागेला, सांधा म्हणतात. त्यात चर्चा कसली? आमचे वडील सांधेवाले होते. रात्री हातात दिवा घेऊन जायचे. "सांधा बसला का?" हे वाक्य आमच्या घरात "जेवलास का?" इतक्या वेळा ऐकलं. सरकणारी पात शेजारच्या रुळाला घट्ट चिकटली म्हणजे सांधा बसला. मधे खडीचा बारका खडा जरी राहिला, तरी नाही बसला, आणि मग गाडी घसरते. तुमच्या छोट्या गाड्यांचंही तेच होत असणार.
घाट दाखवताय तर मागचं इंजिन विसरू नका. कर्जतला गाडीच्या मागे इंजिनं लागतात आणि लोणावळ्यापर्यंत ढकलत नेतात. त्याला आम्ही बँकरच म्हणतो. मराठी शब्द काढू नका, कोणी वापरणार नाही.

डोंबिवलीकर :
काका, अगदी तेच होतं. गेल्या रविवारी चाचणी घेतली तेव्हा एकाच सांध्यावर चौथा डबा दर फेरीला घसरत होता. भिंग लावून पाहिलं, तर पातीत थर्माकोलचा एक मणी, मोहरीएवढासुद्धा नाही. 'सांधा बसला नाही' हे वाक्य तेव्हा माहीत असतं तर दोन तास वाचले असते. मी पोरांना "पॉइंट प्रॉपर्ली सेट नाहीये" असं काहीतरी सांगत होतो.
घाटाचा चढ खराच ठेवलाय, ३७ ला १. म्हणजे ३७ सेंटीमीटर पुढे गेल्यावर १ सेंटीमीटर वर. खालच्या गाडीवरून वरची गाडी न्यायला ८ सेंटीमीटर उंची हवी, तर नुसता चढच तीन मीटर झाला. मंडपाची लांबी ऐकून चिटणीसांनी कपाळाला हात लावला.

भूगोलाची शिक्षिका :
स्केलला 'प्रमाण'. दहावीचं कोणतंही मूल सांगेल : शब्दप्रमाण, अंकप्रमाण, रेषाप्रमाण. तुमची गाडी नकाशासारखीच आहे, फक्त उभी. '१ : ८७' हे अंकप्रमाण झालं, वाचायचं 'एकास सत्त्याऐंशी'. आजीबाईंसाठी शब्दप्रमाण लिहा : 'खऱ्या गाडीचा ८७ वा भाग'.
गेज म्हणजे तरी काय वेगळं? मला दोन्ही एकच वाटायचं.

डोंबिवलीकर :
बाई, इथेच खरी गोम आहे, आणि ती आपल्या देशातल्या हौशी लोकांइतकी कोणाला टोचत नसेल.
प्रमाण म्हणजे गाडी कितीपट लहान. गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर. एचओचं प्रमाण १:८७ आणि रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर. १६.५ ला ८७ ने गुणा, जवळपास १४३५ येतात. ते युरोप-अमेरिकेतल्या रुळांचं अंतर. त्यांचं गणित जुळलं. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा. त्याला ८७ ने भागलं की १९.३ येतात, आणि तसले रूळ तयार मिळत नाहीत. म्हणून आपलं इंजिन ८७ वा भाग म्हणून अगदी बरोबर बनवलं, तरी ते धावतं जवळजवळ तीन मिलिमीटर अरुंद रुळांवर. समोरून पाहिलं की कळतं : पैलवान माणूस पाय जुळवून उभा असावा तसं. प्रमाण बरोबर, गेज चूक. हे मराठीत सांगायला दोन वेगळे शब्द हवेतच.
(इंग्रजांनीही स्वतःचा असाच घोळ करून ठेवलाय. त्यांची इंजिनं मुळात अंगाने बारीक, त्यात त्या काळच्या विजेच्या मोटरी मावेनात. म्हणून त्यांनी गाडी १:७६ केली आणि रूळ तेच १६.५ चे ठेवले. त्याला ते ओओ म्हणतात. त्यामुळे दुसऱ्याची चूक पाहून थोडं बरं वाटतं.)

पुणेकर :
मग शब्द आहे की. रुंदमापी, मीटरमापी, अरुंदमापी. जुन्या मराठी पुस्तकांत ब्रॉडगेज, मीटरगेज, नॅरोगेजला हेच लिहायचे. गेज म्हणजे माप. 'प्रमाण १:८७, माप १६.५ मिमी'. झालं.

नागपूरकर :
'माप' फार मोकळा शब्द आहे. शिंपीही घेतो, चपलांच्या दुकानदारालाही लागतं. 'रुळांचं माप' म्हणा, नाहीतर लोकांना वाटेल रूळ किती लांब ते.

श्टुटगार्टहून :
उशिरा आलो. इथून गोपिंगन जवळ आहे, म्हणजे अशा छोट्या गाड्या बनवणाऱ्या मेर्कलिन कंपनीचं गाव, त्यामुळे या विषयावर गप्प बसवत नाही. १८९१ साली मेर्कलिनने रुळांची मापं ठरवून त्यांना आकडे दिले. पुढे १ पेक्षा लहान माप आलं तेव्हा आकडे संपले होते, म्हणून ते ० झालं. त्या शून्याच्या निम्मं ते 'हाल्ब नुल', म्हणजे अर्धं शून्य. जर्मन लोक आजही 'हा-नुल'च म्हणतात. इंग्रजीत शून्याचा ओ झाला आणि आपण तो ओ उचलला. तेव्हा फलकावर 'एचओ' लिहिणार असाल तर लिहा, पण तो ओ नाही, पूज्य आहे. अर्धं शून्य किती, असं भूगोलाच्या बाईंना विचारू नये.
एन या मापाचं नाव तर आपल्यालाही चालतं. रूळ ९ मिलिमीटरचे. जर्मन नॉइन, इंग्रजी नाइन, आणि आपलं नऊ. सगळ्यांचा न.
आता माझं आवडतं. गेजला इथे 'श्पूर' म्हणतात. त्याचा मूळ अर्थ चाकाने जमिनीवर उमटवलेला माग. म्हणजे आपली चाकोरी! बैलगाडीच्या दोन चाकांनी पाडलेल्या दोन रेघा, आणि त्यांच्यातलं अंतर ठरलेलं. गेजला 'चाकोरी' म्हणायला काय हरकत आहे? 'अरुंद चाकोरीची गाडी'.

भूगोलाची शिक्षिका :
शब्द सुंदर आहे, पण 'चाकोरीतली गाडी' वाचून कोणी ती पाहायला थांबणार नाही. चाकोरीला आता कंटाळ्याचा वास लागलाय. मुलांना 'चाकोरीबाहेर जा' असं सांगतो आपण, आणि तुमची गाडी चाकोरीबाहेर गेली तर डोंबिवलीकरांचा जीव जाईल.

श्टुटगार्टहून :
मान्य. पण माझ्या वहीत चाकोरीच राहणार.

कर्जतकर :
एक विचारतो. तुम्ही सुरुवातीला 'गाड्या सोडतो' असं लिहिलंत. चालवतो का नाही लिहिलं?

डोंबिवलीकर :
काका, विचार करून नव्हतं लिहिलं. पण खरंच, हातात कंट्रोलर असला तरी 'चालवतो' तोंडात येत नाही. गणपतीला कोकणात जादा गाड्या सोडतात, तशी मी सोडतो. सिग्नल दिला, सांधा बसला, गाडी सुटली. चालवणारा इंजिनात असतो. मी स्टेशनात.
काल रंगीत तालीम झाली. गाडी दोन फेऱ्या झोकात फिरली, मग आरती झाली, कोणीतरी गुलाल उधळला आणि गाडी बोगद्यात थांबली ती थांबलीच. बारा व्होल्टची वीज रुळांतून चाकांत जाते. मधे गुलालाचा थर बसला की संपलं. रात्री साडेअकरापर्यंत स्पिरिटच्या बोळ्याने रूळ पुसत बसलो, बोळे गुलाबी. आई वरून म्हणाली, "छंद नाही रे हा, नाद आहे." तोही शब्द चर्चेला घ्यायला हरकत नाही.
फलकाचा मसुदा असा झालाय : 'बोरघाटातील धावत्या छोट्या गाड्या. प्रमाण १:८७. रुळांचे माप १६.५ मिमी. आरतीच्या वेळी गाडी सुटणार नाही.' चिटणीस खूश आहेत. फक्त दोन डबे एकमेकांत अडकवायचा जो हूक असतो, त्याला मी 'जोड' लिहिलंय आणि ते 'आकडा' म्हणतायत.

नागपूरकर :
जोडच ठेवा. गणपतीच्या मंडपाबाहेर 'आकडा' लिहिलात, तर वीज कंपनीची माणसं दर्शनाला येतील.