सल्ला हवा: कोल्हापूरचे आई-बाबा पहिल्यांदाच मिशिगनची फुटबॉल मॅच बघणार. काय खायला घालू, काय ऐकवू, कुठे बसवू?

शिवाजीपेठेची_लेक

नमस्कार मंडळी. ऑक्टोबरात आई-बाबा ॲन आर्बरला येतायत आणि मी त्यांना मिशिगन विद्यापीठाच्या शनिवारच्या अमेरिकन फुटबॉल मॅचला न्यायचं ठरवलंय. मी इथे दोन वर्षं शिकतेय आणि पहिल्या सीझनपासून या खेळाच्या प्रेमात आहे, त्यामुळे त्यांचा तो दिवस वाया जाऊ नये असं फार वाटतं.

बाबा कट्टर फुटबॉलवाले, म्हणजे आपल्या फुटबॉलचे. पाटाकडील विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ अशी मॅच असली की दुकान बंद करून शाहू स्टेडियमवर जाणारे. कॉलेजच्या पोरांचा खेळ बघायला इथे लाखावर माणसं जमतात असं फोनवर सांगितलं, तर "कॉलेजच्या?" असं दोनदा विचारलं त्यांनी. आई शाकाहारी, अंडंही नाही. बाबांना मटण-चिकन चालतं, बीफ नाही. आईचे गुडघे दुखतात.

तर तीन गोष्टी सांगा. मॅचच्या आधी-नंतर खायचं काय? बँडचं कौतुक सगळे करतात, तो नीट ऐकायचा तर कुठे उभं राहायचं? आणि बाबांना हा खेळ समजावायचा कसा?

ॲनआर्बरकर

पहिली गोष्ट, किकऑफच्या वेळेला घरातून निघू नका. मॅच बाराची असली तर आठला गावात हजर राहा. इथला शनिवार मैदानाबाहेर सुरू होतो, आणि मला विचाराल तर निम्मी मजा तिथेच आहे. स्टेडियमसमोर पायोनियर हायस्कूल आहे. त्याच्या आवारात आणि पलीकडच्या गोल्फ कोर्सच्या हिरवळीवर गाड्या लावून, डिक्या उघडून, शेगड्या पेटवून लोक बसलेले असतात. आजोबा, मुलगा, नात, सगळे एकाच पिवळ्या-निळ्या रंगात. अनोळखी माणूसही प्लेट पुढे करतो. तुमचे बाबा पेठेतले आहेत, त्यांना हे वातावरण सांगावं लागणार नाही.

आता स्टेडियम. १९२७ साली बांधलं. बाहेरून बघितलं तर एवढं काय मोठं असं वाटतं, कारण बराचसा भाग जमिनीत खोदलेला आहे. रस्त्याच्या पातळीवरून आत शिरायचं आणि समोर एकदम खाली खोल वाडगा उघडतो. तो क्षण बाबांचा चेहरा बघण्यासाठी राखून ठेवा, तुम्ही एक पाऊल मागे राहा. अधिकृत क्षमता १,०७,६०१. शेवटचा तो १ म्हणजे जुने कोच फ्रिट्झ क्रायस्लर यांच्या नावाने राखलेली एक जागा, आणि ती नेमकी कुठे आहे ते कोणालाच सांगत नाहीत. २०१३ मध्ये नोत्र दाम विद्यापीठाविरुद्धच्या मॅचला तर १,१५,१०९ लोक आले होते.

आईंच्या गुडघ्यांसाठी: तिकीट खालच्या ओळींचं घेऊ नका. टीव्हीवर बघून वाटतं खाली बसलेलं बरं, पण तिथवर उतरायचं आणि परत तेवढंच चढायचं असतं. वरच्या, दाराजवळच्या ओळी घ्या. तिथून खेळाची मांडणीही जास्त कळते. विद्यार्थ्यांच्या भागात अजिबात नको, तिथे पूर्ण मॅच उभं राहावं लागतं. बहुतेक ठिकाणी बसायला लांबच लांब बाक आहेत, पाठीला टेकू नाही, आणि ते सकाळी बर्फासारखे गार असतात. बसायला जाड काहीतरी न्या, जुनी घडी घातलेली शाल चालेल. बॅगेचे नियम कडक आहेत, ते तिकिटाबरोबर वाचून घ्या.

फोडणी

खाण्याचं मी सांगते, कारण माझ्या सासूबाईंना घेऊन मी हेच सगळं केलंय.

सगळे तुम्हाला झिंगरमन्सला जा म्हणतील. डेट्रॉइट स्ट्रीटवरचं डेली, म्हणजे सँडविचचं दुकान, १९८२ पासूनचं, आणि त्याची कीर्ती खरी आहे. पण त्यांचं गाजलेलं रूबेन सँडविच कॉर्न्ड बीफचं असतं हे कोणी आधी सांगत नाही. बाबांसाठी टर्कीचं घ्या. राईचा ब्रेड तिथे असा मिळतो की कवच दाताखाली कुरकुरतं आणि आतून ओलसर. मॅचच्या दिवशी मात्र रांग लांब असते. शुक्रवारी दुपारी जाऊन या.

शनिवारी टेलगेटला, म्हणजे त्या गाड्यांजवळच्या पंगतीत, शेगडीवर काय काय असतं ते आधी माहीत असू दे: बर्गर बीफचा, ब्राटवुर्स्ट बहुतेक पोर्कचं, हॉट डॉग बरेचदा बीफचा, चिलीतही बीफचाच खिमा. त्यामुळे "थोडं चाखून बघा" म्हणत प्लेट आली तर विचारायला लाजू नका. मी स्वतःचं नेते. वड्यांची भाजी आदल्या रात्री करून ठेवायची, सकाळी वडे तळायचे, फॉइलमध्ये गुंडाळून थंडीच्या बॉक्समध्ये ठेवायचे (थंडाव्यासाठी बनवलेला बॉक्स ऊबही तेवढीच धरतो). लसणाची कोरडी चटणी डबीत. गेल्या वर्षी शेजारच्या गाडीवरच्या एका आजींनी तीन वडे खाल्ले आणि मला 'पाय' (हा इथला भाजलेला गोड पदार्थ हो) बांधून दिला.

आईंसाठी बाहेरचं म्हणाल तर डेट्रॉइट पद्धतीचा पिझ्झा. गोल नाही, चौकोनी. १९४६ मध्ये डेट्रॉइटच्या बडीजमध्ये सुरू झाला. मोटारीच्या कारखान्यात वापरायच्या जाड निळ्या पोलादी ट्रेमध्ये तो भाजायचे. चीज पार कडेपर्यंत पसरतात, त्यामुळे ट्रेच्या भिंतीला लागून ते करपतं आणि कडेला तपकिरी कुरकुरीत जाळी धरते. घावनाच्या कडा आवडणाऱ्या माणसाला हे आवडतंच. सॉस वरून, पट्ट्या ओढल्यासारखा. सासूबाईंनी आधी कडा खाल्ल्या, मग मधलं. जेरुसलेम गार्डनचं फलाफलही त्यांना चाललं.

आणि ऑक्टोबर आहे तर ॲन आर्बरजवळच्या डेक्स्टर गावची सायडर मिल चुकवू नका. ह्युरॉन नदीच्या काठावर १८८६ पासून आहे. इथे सायडर म्हणजे दारू नव्हे हो, सफरचंदाचा न गाळलेला गढूळ रस, आईंना बिनधास्त द्या. त्याबरोबर गरम डोनट खातात. डोनटमध्ये अंडं असतंच असं धरून चाला, तो बाबांना.

निळी_टोपी

झिंगरमन्सबद्दल माझं मत वेगळं आहे. चांगलं आहे, पण विद्यार्थ्याच्या खिशाला फार जड. त्या पैशांत तिघांचं पोट दुसरीकडे भरतं. मी मॅचनंतर नेहमी वॉशटेनॉ डेअरीला जातो. १९३४ पासूनचं साधं आइस्क्रीमचं दुकान, स्टेडियमपासून चालत जाता येतं. लोक बाहेर कोन हातात धरून मॅचवर बोलत उभे असतात. हरलो असलो तरी तिथे बरं वाटतं.

ढोलवाला

मी पुण्यात आठ वर्षं पथकात होतो, त्यामुळे बँडवर माझं बोलणं लांबलं तर समजून घ्या.

सीटवर बसून बँड ऐकू नका, आधी रस्त्यावर ऐका. रेव्हेली हॉल ही त्यांची जागा. तिथे मॅचच्या आधी ड्रमवाले वाजवतात, मग अख्खा बँड संचलन करत स्टेडियमकडे निघतो. त्या रस्त्याच्या कडेला उभे राहा. ताशाची तर्री ज्याच्या कानात बसलीय त्याला स्नेअर ड्रमची ती कोरडी, काटेकोर थाप लगेच धरते. फरक एवढाच की आपल्याकडे ठेका चढत जातो, इथे तो घड्याळासारखा एकाच चालीवर राहतो आणि तरी अंगावर काटा येतो. जवळून बघा: काठ्यांची टोकं सगळ्यांची एका उंचीवर थांबतात, एकाचीही वर-खाली नाही. ती शिस्त सरावातून येते, आणि ही सगळी दिवसभर वर्गात बसणारी मुलं आहेत.

आत गेलात की किकऑफच्या आधी निदान अर्धा तास जागेवर बसलेले असा. बँड बोगद्यातून गुडघे उंच उचलत धावत येतो. ड्रम मेजर, म्हणजे बँडचा म्होरक्या, मागे वाकतो, इतका की डोकं जमिनीला टेकतं. मग 'द व्हिक्टर्स' सुरू होतं. लुई एल्बेल या विद्यार्थ्याने ते १८९८ मध्ये लिहिलं, शिकागो विद्यापीठाला १२–११ असं हरवल्यानंतर. लाखभर मुठी एकाच शब्दावर वर जातात. बाबांना तेवढा 'हेल' (म्हणजे जयजयकार) शब्द शिकवून ठेवा, बाकी आपोआप येतं.

स्पीकरवर अलीकडे फार गाणी वाजवतात, ते मला पटत नाही. समोर एवढा बँड बसलेला असताना रेकॉर्ड कशाला?

निळी_टोपी

स्पीकरचं मान्य, पण एक अपवाद ठेवा दादा. तिसऱ्या क्वार्टरनंतरच्या सुमाराला द किलर्सचं 'मिस्टर ब्राइटसाइड' लागतं, आणि खेळ सुरू झाल्यामुळे स्पीकर बंद झाला तरी लोक गात राहतात. तेव्हा ते गाणं लोकांचं झालेलं असतं.

कोलंबसवासी

मी ओहायो स्टेटचा, म्हणजे मिशिगनच्या कट्टर प्रतिस्पर्धी विद्यापीठाचा, तरी पाहुणे कोल्हापूरचे आहेत म्हणून लिहितो. बँडच ऐकायचा असेल तर एकदा आमच्याकडे आणा त्यांना. आमच्या बँडमध्ये फक्त पितळी वाद्यं आणि ड्रम, बासरी-क्लॅरिनेट काही नाही, त्यामुळे आवाज छातीवर येतो. मॅचआधी सेंट जॉन अरीनात तो वाजवतो, तिथे छताखाली ऐका. आणि मैदानावर चालत चालत 'ओहायो' हा शब्द लिहितात, त्यातल्या 'आय'वरचा ठिपका द्यायला एक सूसाफोनवाला (अंगाभोवती घ्यायचं मोठं पितळी वाद्य) ऐटीत येतो. ती जागा मिळावी म्हणून मुलं चार-चार वर्षं थांबतात.

बाबांना पेठांची भाषा कळते तर नोव्हेंबरअखेरची मिशिगन-ओहायो स्टेट मॅच हाच खरा खेळ. १८९७ पासून भिडतायत. त्या आठवड्यात आमच्या कॅम्पसवरच्या पाट्यांवरच्या प्रत्येक 'एम' अक्षरावर लाल फुली मारलेली असते. २०२१ ते २०२४ सलग चार वर्षं मिशिगन जिंकलं. ते मला लिहायलाही जड जातंय, पण खरं आहे.

ॲनआर्बरकर

मोठ्या मनाने लिहिलंत, आभार.

बाबांना खेळ समजावायचा राहिलाच. सॉकरशी तुलना करू नका, सारखे निराश होतील. कबड्डीशी करा. समोरच्याच्या हद्दीत घुसायचं, तो तुम्हाला पाडणार. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे गेलात तर पुन्हा चार प्रयत्न, नाही गेलात तर चेंडू त्यांचा. टोकाची रेघ ओलांडली की ६ गुण, मग खांबांमधून लाथ मारून १. तिथवर पोचणं होत नसेल तर लांबूनच लाथ मारून ३. पहिल्या दिवशी एवढं पुरे. प्रत्येक डावाआधी फक्त विचारा, "कितवा प्रयत्न, किती यार्ड?" तिसरा प्रयत्न आला आणि मिशिगन बचाव करत असलं की सगळं स्टेडियम ओरडतं, म्हणजे समोरच्या क्वार्टरबॅकला, म्हणजे डाव चालवणाऱ्या मुख्य गड्याला, स्वतःच्या गड्यांशी बोलता येऊ नये. इथे प्रेक्षक खेळात असतो हे त्यांना तिथे कळेल.

घड्याळात पंधरा मिनिटांचे चार क्वार्टर, प्रत्यक्षात साडेतीन तास धरा. टीव्हीच्या जाहिरातींसाठी खेळ थांबतो, तेव्हा कंटाळा येतो हे खरं. तेवढ्यात वडे खाऊन घेता आले असते, पण बाहेरचं खाणं आत नेता येत नाही.

शिवाजीपेठेची_लेक

आज जाऊन आलो. राहवत नाही म्हणून रात्रीच लिहितेय.

वडे नेले. शेजारच्यांनी बाबांना घडीची खुर्ची दिली आणि त्यांच्या डोक्यावर आपली जुनी टोपी ठेवली, ती परत घेतलीच नाही. आईला बँड फार आवडला. बँड जवळून गेला तेव्हा तिने माझा दंड धरला आणि तो पुढे जाईपर्यंत सोडला नाही. नंतर म्हणाली, पोरं घामाने निथळत होती एवढ्या थंडीत. पिझ्झ्याच्या कडा तिने एकटीने संपवल्या.

बाबा दारातून आत शिरले आणि पायरीवरच थांबले. मागची माणसं बाजूने जात राहिली. काही बोलले नाहीत. पहिला क्वार्टर हाताची घडी घालून बसले. दुसऱ्यात बोटं मोजायला लागले, एक, दोन, तीन. तिसऱ्यात तिसरा प्रयत्न आला आणि सगळे उठले तेव्हा तेही उठले, दोन्ही हात तोंडाशी धरून शाहू स्टेडियमवर ओरडतात तसं ओरडले, थेट कोल्हापुरीत. पुढच्या बाकावरची मुलं वळून हसली आणि त्यांच्या हाताला हात लावून गेली.

आत्ता जेवताना विचारत होते, ते ओहायोवाले कधी येणार म्हणालीस? परतीचं तिकीट १० नोव्हेंबरचं आहे. पुढे ढकलायला किती पडतील, कोणाला अनुभव आहे का?