डचमधलं 'आन': कुठलं क्रियापद कुठे रमतं?

डच शिकताना सुरुवातीलाच सांगतात की 'तो मारीला पुस्तक देतो' हे दोन तऱ्हांनी म्हणता येतं, 'हेइ खेफ्त मारी अन बूक' किंवा 'हेइ खेफ्त अन बूक आन मारी', म्हणजे एकदा घेणारी व्यक्ती नुसतीच आणि एकदा तिच्याआधी 'आन' (इंग्रजी 'टू'सारखा छोटा शब्द) लावून. दोन्ही बरोबर आहेतच, पण मग आपण धरून चालतो की सगळ्या क्रियापदांना दोन्ही सारखंच चालतं, आणि तिथे गडबड होते.

'खेव्हन' म्हणजे देणे, ते आनशिवाय जास्त रमतं, त्याचे कितीतरी ठरलेले प्रयोग आहेत ना, चान्स देणं, पापी देणं, फटका देणं, हात मिळवणं (डचमध्ये हात 'देतात'), यात वस्तू कुठे हलतच नाही. उलट 'फरकोपन' म्हणजे विकणे, त्याचा ओढा आनकडे, माझ्या मते कारण तिथे माल विकणाऱ्याच्या हातून सुटतो हे महत्त्वाचं. 'ओव्हरलातन'ला तर आन हवाच, 'इक लात हत आन याव ओव्हर', मी ते तुझ्यावर सोडतो. आणि दुसऱ्या टोकाला 'कोस्तन': 'दात कोस्त म फेल तैत', त्यात माझा खूप वेळ जातो, इथे आन घातलात तर वाक्यच मोडतं.

हे नुसतं कानाला वाटतं म्हणून नाही हां, बेल्जियमच्या गेंट विद्यापीठातल्या भाषाशास्त्रज्ञ तिमोथी कोलमन यांनी २००९ मध्ये कॉर्पसवर, म्हणजे खऱ्या वापरातल्या मजकुराच्या मोठ्या साठ्यावर, मोजून दाखवलंय. पद्धत ग्रीस आणि श्टेफानोविच या दोन भाषाशास्त्रज्ञांची, २००४ ची, आणि ती फार छान आहे. खेव्हन दोन्हीकडे ढिगाने सापडणारच, म्हणून नुसती संख्या बघायची नाही, एकूण वापर बघता जितकं अपेक्षित आहे त्यापेक्षा ते कुठल्या रचनेत जास्त येतं ते बघायचं.

आपल्या 'ला' आणि 'कडे'शी मात्र जोडी लावू नका. 'रमेशला चावी दिली' आणि 'रमेशकडे चावी दिली' यात आपल्याकडे कायमची की नुसती सांभाळायला असा फरक पडतो, डचमध्ये 'आन मारी' म्हटलं तरी पुस्तक तिचंच होऊ शकतं. 'कडे'च्या जवळचा 'नार', तो 'स्त्यूरन' म्हणजे पाठवणे याच्यासोबत दिसतो.

आणि एक, इंग्रजीच्या सवयीने आनवाला भाग कायम वस्तूच्या नंतरच ठेवायची गरज नाही, 'हेइ हेफ्त आन मारी अन बूक खखेव्हन' (त्याने मारीला पुस्तक दिलंय) हेही डचच आहे.