मदत हवी आहे: ऑनलाइन तासाला मुलं बोलती कशी करू?

नमस्कार. मी घाटंजी तालुक्यात बी.ए.ला अर्थशास्त्र शिकवते. स्वयम्‌ या सरकारी ऑनलाइन शिक्षणाच्या पोर्टलवरच्या कोर्सात व्हिडिओ, वाचन, चाचणी आणि चर्चा असे 4 भाग असतात. माझं घोडं चर्चेवरच अडतं. लाइव्ह तासाला 40 नावं, कॅमेरे बंद, प्रश्न विचारला की शांतता. त्यात कापूस वेचणीला निम्मी पोरं वावरात.

परवा रात्री एका मुलीचा व्हॉइस मेसेज आला, मागे बकऱ्या ओरडत होत्या: "मॅडम, भाव वाढला तरी मिठाची मागणी कमी काहून नाही होत जी?" महिनाभर तासाला तिने तोंड उघडलं नव्हतं! तेव्हापासून 5 मिनिटांचे ऑडिओ पाठवते, डेटाही कमी लागतो. पण 40 जणांना एकेकट्याला उत्तर देणं झेपत नाही, ग्रुपवर टाकलं की मुली लाजतात. तुम्ही कसं जमवता?