काउंट कमी आला, पुढे काय? जाणकारांनी लिहावं

वीर्य तपासणीच्या रिपोर्टवर शुक्राणूंचा आकडा (काउंट) कमी दिसला की कुणी गप्प बसतं, कुणी थेट पावडरीचे डबे आणतं. उपचारांआधी नेमकं काय करून ठेवायचं आणि कुठे चुकतं, ते लिहा. हळहळ नको, तपशील हवेत.

*

नमुन्यापासून सुरुवात करा, बराच घोळ तिथेच होतो. आधीच्या वीर्यपतनानंतर किमान २, जास्तीत जास्त ७ दिवस जायला हवेत. पुढच्या तपासणीलाही तितकंच अंतर ठेवा, नाहीतर दोन रिपोर्टांची तुलना करण्यात अर्थ नाही. फार दिवस थांबलं की काउंट फुगतो, पण हालचाल मंदावते. साबण, थुंकी, तेल, जेल काही नको. नेहमीचा कंडोम तर नकोच. पहिले थेंब डबीबाहेर पडले तर तसं स्पष्ट सांगा आणि नमुना पुन्हा द्या. शुक्राणूंचा मोठा वाटा त्या पहिल्या भागातच असतो, मागून येतो तो बहुतांशी नुसता द्रव. लाजेपोटी हे लपवलं की नसलेला आजार कागदावर चढतो. घरून नेत असाल तर डबी आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवा आणि तासाभरात लॅबमध्ये पोचवा. फ्रीजमध्ये कधीच नाही.

*

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या आवृत्तीतल्या खालच्या मर्यादा: वीर्याचं प्रमाण १.४ मिली, दर मिलीत १.६ कोटी शुक्राणू, एकूण ३.९ कोटी, पुढे सरकणारे ३० टक्के, योग्य आकाराचे ४ टक्के. हे पास-नापासाचे गुण नव्हेत. ज्यांच्या जोडीदाराला वर्षभरात दिवस राहिले अशा पुरुषांपैकी तळातले ५ टक्के यांच्याही खाली होते. आकारापुढे ‘९६ टक्के ॲबनॉर्मल’ वाचून झोप उडवून घेणारे बरेच. तो रिपोर्ट त्या एका बाबतीत नॉर्मलच असतो. आणि एका रिपोर्टवर निर्णय घ्यायचा नाही, काही आठवड्यांनी दुसरा करायचाच.

*

शुक्राणू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात, बाहेर यायला आणखी थोडे. म्हणून हिशोब तीन महिन्यांचा धरा. आज सिगारेट सोडून पंधरा दिवसांत फरक शोधू नका. दोन महिन्यांपूर्वीचा जोराचा तापही आजच्या रिपोर्टात दिसतो, तो डॉक्टरांना सांगा. जिममध्ये कुणी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं ‘ताकदीसाठी’ दिली असतील तर तेही. त्यांनी मेंदूकडून येणारी, शुक्राणू बनवायला लावणारी एलएच-एफएसएच ही संप्रेरकं दबतात आणि काउंट शून्यावरही जातो. बंद केल्यावर सावरायला कित्येक महिने लागतात. सल्फासलाझिन (आतड्याच्या सुजेवरचं), फिनास्टेराइड (केसगळतीवरचं) चालू असेल तर विचारा, पण परस्पर बंद करू नका. जस्त-फोलिक ॲसिडच्या गोळ्यांवर माझा भरवसा नाही: २०२० मध्ये आलेल्या मोठ्या चाचणीत त्यांनी ना रिपोर्ट सुधारला, ना बाळं वाढली.

*

शून्य आलेल्यांसाठी. आधी विचारा, नमुना सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून तळ तपासला का? तिथे मोजके सापडले तरी मार्ग बदलतो. मग प्रश्न एवढाच, कारखाना बंद आहे की रस्ता, म्हणजे शुक्राणू बनतच नाहीत की बाहेर यायची वाट अडली आहे? प्रमाण कमी, आम्लता जास्त, फ्रुक्टोज नाही आणि वृषणांचा आकार चांगला असेल तर संशय रस्त्यावर; जन्मतःच शुक्रवाहिन्या नसतात तेव्हा असं दिसतं. अशा वेळी नवरा-बायको दोघांचीही सीएफटीआर (सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजाराशी जोडलेल्या) जनुकाची तपासणी हवी. एफएसएच वाढलेलं आणि वृषणं लहान असतील तर कारखान्यात अडचण. मग कॅरिओटाइप (गुणसूत्रांची तपासणी) आणि वाय गुणसूत्राची मायक्रोडिलीशन तपासणी, म्हणजे त्याचा बारीक तुकडा गहाळ आहे का ते बघणं. ही वृषणातून शुक्राणू शोधायच्या शस्त्रक्रियेआधीच करायची, मागाहून नव्हे. वाय गुणसूत्रावरचा एझेडएफ ए किंवा बी हा भाग पूर्ण गहाळ असेल तर वृषणात शोधूनही शुक्राणू मिळत नाहीत, चिरफाड वाचते. सी नसेल तर मिळू शकतात, पण मुलगा झाला तर तोच दोष त्याच्याकडे जातो. मधुमेह असेल तर वीर्य उलटं मूत्राशयात जात नाही ना, हे वीर्यपतनानंतरच्या लघवीत बघतात.

*

एक राहिलं. दोष पुरुषाकडे असला तरी इक्सीसाठी (लॅबमध्ये एकेक शुक्राणू सुईने स्त्रीबीजात सोडतात ती पद्धत) रोजची इंजेक्शनं बाईलाच घ्यावी लागतात, साधारण ८ ते १४ दिवस. तेव्हा वेळा सांभाळणं, औषधं थंड ठेवणं, फाइल घेऊन धावणं नवऱ्याने घ्यावं. ट्रिगरची (बीजं पिकवणाऱ्या शेवटच्या इंजेक्शनची) वेळ तर मिनिटावर पाळायची, कारण त्यानंतर ३४ ते ३६ तासांनी स्त्रीबीजं काढतात.

*

आणि बीजं काढायच्या त्याच सकाळी बाहेर सगळे ताटकळत असताना भल्याभल्यांना नमुना देता येत नाही. म्हणून एक नमुना आधीच गोठवून ठेवायला सांगा, काउंट फारच कमी असेल तर दोन-तीन. वितळल्यावर हालचाल बरीच घटते, त्यामुळे आययूआयला (शुक्राणू नळीने गर्भाशयात सोडतात त्याला) तो तोकडा पडू शकतो. इक्सीला मात्र एका बीजाला एकच जिवंत शुक्राणू पुरतो. गोठवण्याआधी एचआयव्ही, हिपॅटायटिस बी-सीच्या तपासण्या लागतात, त्या आठवडाभर आधी उरकून ठेवा.